इथं पण तेच अक्षरं

रामाकोन्याच्या फाट्यावर छाया बसची वाट बघत उभी होती असं म्हणता आलं असतं, पण ती एका जागी उभी कुठं होती? चहाच्या टपरीपासून कडुनिंबापर्यंत जायची, कडुनिंबापासून परत टपरीपर्यंत यायची, रस्त्यावर येऊन मान लांब करायची, पिशवीची चेन उघडून आतली कागदं चाचपायची, चेन लावायची, आणि पुन्हा टपरी. तिच्या चपलेनं तिथल्या मातीत एक वाट पाडली होती.

"वहिनी, बसा ना," चहावाला शेवटी म्हणालाच. "तुमच्या चालण्यानं बस काय लवकर येणार हाय?"

"बसली का बस आणखीनच उशिरा येते," छाया म्हणाली आणि परत कडुनिंबाकडे निघाली.

कडुनिंबाखाली तिचे सासरे भैय्याजी मांडीवर टोपी ठेवून बसले होते. त्यांच्या बाजूला छायाची पोरगी प्रणाली. वय नऊ, इयत्ता चौथी, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली, आणि तोंड एक मिनिट बंद नाही. आत्ता ती आबाजींना, म्हणजे भैय्याजींना, गावातल्या कुत्रीनं सरपंचाची चप्पल कशी पळवली ते सांगत होती. कुत्रीचा आवाज वेगळा, सरपंचाचा वेगळा, चपलेचाही वेगळा. भैय्याजी हसून हसून डोळे पुसत होते.

"एवढी हुशार पोट्टी," ते छायाकडे बघून मुद्दाम मोठ्यानं म्हणाले, "अन् हिले घेऊन तू कलेक्टरकडं चालली. तपासाले! काय तपासतीन? कुत्री का पोट्टी?"

सकाळपासून हेच चाललं होतं. मंगळवार होता, आणि मंगळवारी पांढुर्ण्याला कलेक्टर ऑफिसात जनसुनवाई असते. ज्याचं काम कुठं अडलं असेल त्यानं अर्ज घेऊन जायचं, टोकन घ्यायचं आणि अधिकारी मॅडमसमोर उभं राहून सांगायचं. पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून छिंदवाड्याची खेप वाचली, म्हणून लोकांनाही जायची हौस आली. भैय्याजींचा स्वतःचा अर्ज होता, शेताकडे जाणाऱ्या पांदणीचा. कोणीतरी तिच्यात काटे टाकून संत्र्याची गाडी अडवली होती. "मी तुह्यासंग नाही चाललो," त्यांनी घरातून निघतानाच बजावलं होतं. "बस एकच हाय म्हणून संग हाये. माह्यं पांदणीचं काम हाय." पण पांदण गेल्या पोळ्यापासून अडलेली होती आणि अर्ज मात्र आजच निघाला होता, हे छायाला समजत नव्हतं असं नाही.

छायाचं काम एवढंच होतं. येत्या शुक्रवारी सौसरला शिबिर होतं. शाळेत शिकताना ज्या मुलांना काही अडतं, ऐकायचं, बघायचं, वाचायचं, त्यांना तिथं जाणकार लोक तपासणार होते. शिबिरासाठी नावं शाळेनं पाठवायची होती. आणि शाळेनं प्रणालीचं नाव पाठवलं नव्हतं.

"छायाताई, मी चांगल्यासाठीच सांगून राहिलो," गावातल्या मराठी शाळेचे हेडमास्तर तुळशीराम सर म्हणाले होते. माणूस वाईट नव्हता. बोलताना त्यांनी छायाला खुर्ची दिली होती, पाणी मागवलं होतं. "पोरीच्या नावापुढं एकदा काही लागलं का पुसल्या जात नाही. ते हिंदी शाळेतून आली. भाषेचा प्रश्न हाय. भाषा बसू द्या."

भाषा बसू द्या! छायाला आता हे तीन शब्द ऐकले की खुर्चीत खिळा असल्यासारखं व्हायचं. कारण ती भाषा काही बसत नव्हती. भाषा उभी, पोरगी उभी, आणि छाया तर फिरतच होती.

झालं असं होतं. पहिली-दुसरी प्रणाली सौसरच्या एका हिंदी शाळेत होती. ऑटोनं जायची. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आप लोग घर में मराठी बोलते हैं ना, इसीलिए बच्ची पढ़ने में पीछे है। घर में हिंदी बोलिए।" मग काय, सगळ्या घरानं कंबर कसली. छायाचा नवरा प्रफुल्ल पिकअपवर संत्रा घेऊन नागपूरला जायचा, त्याची हिंदी ठीक होती. पण भैय्याजी! "पनू, इधर आ व. दूध मत सांड. और वो बैल को मत चिडा, मारेंगा ना तो रडत बैठेंगी." प्रणाली आठवड्याभरात अशी फाडफाड हिंदी बोलायला लागली की दुकानदार विचारायचे, कुठून आली ही पोरगी, भोपाळहून का? बोलणं आलं, वाचणं नाही. पुस्तक समोर ठेवलं की ती पाण्यात पडलेल्या मांजरीसारखी व्हायची.

मग छायानंच ठरवलं की पोर मराठी, घर मराठी, तर शाळाही मराठीच पाहिजे. तिसरीला नाव काढलं आणि गावातल्या शाळेत टाकलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी प्रणाली दप्तर फेकून ओसरीवर बसली. तोंड एवढंसं.

"काय झालं व पनू? शाळा नाही आवडली?"

"शाळा चांगली हाय," ती म्हणाली. "पण इथं पण तेच अक्षरं हायेत. मले वाटलं इथं दुसरे राहतीन."

सगळे हसले. छायाही हसली. भैय्याजींनी तर हा किस्सा पानठेल्यावर इतक्यांदा सांगितला की लोक त्यांना लांबूनच विचारायचे, काय भैय्याजी, नातीले नवे अक्षरं भेटले का?

मराठी शाळेनं सांगितलं, हिंदीतून आली, वेळ लागेल. तिसरी गेली. चौथी अर्धी गेली. पुढच्या साली पाचवी, आणि पाचवीला बोर्डाचा पेपर. मधल्या काळात प्रणालीचं सकाळी पोट दुखायला लागलं. मागच्या आठवड्यात तर ती सापडेचना. सगळं गाव हुडकलं, आणि ती घरातच होती, कापसाच्या खोलीत, गंजीत गळ्यापर्यंत रुतून बसलेली. केसांत कापूस, पापणीवर कापूस. छायानं हात धरून ओढलं तर म्हणाली, "मी वेचाले जाईन आई. आपल्या कापूस वेचणाऱ्या देवकाबाईसंग जाईन, सगळ्यायच्या पुढं वेचीन. शाळेत नको पाठवू."

नऊ वर्षांची पोरगी! तेव्हापासून छायाच्या पायाला चैन नव्हती.

"आली, आली!" प्रणाली एकदम उठली. "पांढुर्ण्याची आली!"

बस अजून वळणाच्या पलीकडे होती, नुसता हॉर्न ऐकू आला होता. भैय्याजी खूश. "पाह्य! बस दिसाच्या आंधी सांगते पोट्टी! लोधीखेड्याची कोणती, सौसरची कोणती, सगळं पाठ. अन् हिले म्हणे तपासा."

"हाव मामाजी," छाया सासऱ्यांना म्हणाली. "पण बोर्ड नाही वाचत ना."

हीच गोष्ट तर तिला दिवाळीनंतर इथंच, याच फाट्यावर कळली होती. त्या दिवशी रोजची बस नादुरुस्त होती आणि दुसरीच गाडी आली. छाया टपरीवर सुटे पैसे घेत होती, प्रणाली रस्त्यावर. गाडी तिच्यापुढे थांबली. समोर हातभर अक्षरांत लिहिलेलं, सौसर. प्रणालीनं त्या पाटीकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली. "आपली नाही आली आई," ती ओरडली. तेव्हा छायाच्या हातातली चिल्लर तशीच राहिली. इतकी वर्षं पोरगी हॉर्न वाचत होती.

गावातल्या कवडूच्या नातवाला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी दीपाली मॅडम नावाच्या एक विशेष शिक्षिका महिन्यातून गावात येतात. छायानं त्यांना गाठलं. त्यांनी प्रणालीला घेऊन थोडा वेळ गप्पा मारल्या, पुस्तक उघडलं, मिटलं, आणि म्हणाल्या, "ताई, हे आळशीपण नाही वाटत मले. पण वाटून काही होत नाही, तपासणी करा लागते. शाळा नाव पाठवत नसन तं तुम्ही मागा. माय-बापाले मागता येते." मागा म्हणजे कुठं, कसं? तर हे असं. मंगळवारी, पांढुर्ण्याला.

बसमध्ये खिडकीची जागा प्रणालीला, मधली भैय्याजींना आणि छाया उभी. जागा होती, तरी उभी.

"उद्या सोयरीक पाहाले लोक येतीन," भैय्याजी सुरूच, फक्त आवाज हळू. "कोणी ना कोणी सांगनच, हे पोरगी तपासणीले नेली होती. मंग काय सांगशीन?"

"सोयरीक लय दूर हाय मामाजी. पाचवी पुढच्या साली हाय."

"प्रफुल्लले विचारलं?"

"विचारलं. ते म्हणाले, बाबाले विचार."

"मंग?"

"मंग विचारून तं राहिली फाट्यापासून."

पलीकडच्या सीटवरची बाई खुदकन हसली. भैय्याजींनी टोपी घातली आणि सौसर येईपर्यंत बाहेरची संत्र्याची झाडं बघत बसले.

पांढुर्ण्याला उतरल्यावर भैय्याजींचा अर्ज तयार होता, म्हणून ते सरळ कलेक्टर ऑफिसात जाऊन टोकन घेऊन आले. छायाचा अर्ज अजून लिहायचा होता. ऑफिसचा कारभार हिंदीत, म्हणून हिंदीत चांगला लिहून पाहिजे, तर ती फाटकाबाहेर छत्रीखाली बसून अर्ज लिहून देणाऱ्या गुणवंताकडे गेली. लॅपटॉप, छोटा प्रिंटर, आणि बोटं अशी की मशीनच.

"बोला ताई. पेन्शन? नाली? पट्टा?"

"पोरीची तपासणी करा लागते. वाचता येत नाही तिले. शाळा नाव नाही पाठवून राहिली."

"अच्छा, अच्छा. नाव सांगा, गाव सांगा." बाकी त्यानं काही विचारलंच नाही. छाया सांगत होती, दोन शाळा बदलल्या, बोलते छान, हिशोब तोंडी येतो. तो मान हलवत टाइप करत होता. कागद बाहेर आला तोच भैय्याजींनी घेतला, चष्मा लावला आणि फाटकाजवळचे सगळे ऐकतील असं वाचलं, "विषय, मंदबुद्धि बालिका की जांच हेतु आवेदन."

पुढचं त्यांनी वाचलं नाही.

"आबाजी," प्रणालीनं विचारलं, "मंदबुद्धी कोण हाय?"

गुणवंता घाईघाईनं म्हणाला, "अहो काका, तसंच लिहा लागते. त्याबिगर कोणी पाह्यत नाही. मी सगळ्यायचं असंच लिहितो."

"पाह्य छाया, पाह्य!" भैय्याजींचा आवाज फाटला. "म्हणूनच सांगत होतो! हा शिक्का! आता तं छापून आला!"

छायानं कागद त्यांच्या हातातून घेतला, फाडला, परत फाडला, तुकडे पिशवीत टाकले. आवाज मात्र सरळ आला. "मामाजी, शिक्का तं लागला हाय. शाळेत पोट्टे रोज म्हणतेत तिले. कागदावर नाही म्हणत, तोंडावर म्हणतेत. म्हणून ते कापसात जाऊन बसते. मले हा शब्द पुसाचा हाय. पण तिले काय होते हेच मालूम नसन तं पुसू काय?"

गुणवंतानं पैसे घेतले नाहीत. एक कोरा कागद मात्र पुढे सरकवला. "ताई, तुम्हीच लिहा मंग," तो खाली बघून म्हणाला.

छाया आत गेली, टोकन घेतलं. तिच्यापुढे अख्खी गर्दी. व्हरांड्यात भिंतीला कागद लावून ती उभ्याउभ्याच लिहायला लागली. हिंदीत सुरू केलं, "महोदया", आणि पेन थांबला. बोलायला हिंदी चालायची, पण कागदावर आली की ती हिंदी दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेल्यासारखी आखडून बसायची. छायानं महोदया खोडलं आणि मराठीत लिहिलं. एकदा पेन चालला, मग थांबलाच नाही.

"मॅडम, माझी मुलगी प्रणाली चौथीत आहे. तिला गोष्ट सांगता येते, हिशोब तोंडी येतो, वाचता येत नाही. आम्ही तिला आधी हिंदी शाळेत टाकलं, मग मराठी शाळेत टाकलं. शाळा बदलली, अडचण तीच राहिली. ती आळशी नाही. तिला काय अडतं ते आम्हाला कळत नाही. ज्यांना कळतं त्यांनी एकदा बघावं. शुक्रवारच्या शिबिरात तिचं नाव घ्यावं ही विनंती. तिची आई, छाया."

सही करून तिनं मान वर केली, तर व्हरांड्याच्या त्या टोकाला बाकावर भैय्याजी आणि प्रणाली. भैय्याजींनी आपला पांदणीचा अर्ज नातीपुढे धरला होता. घरचाच, मराठीतला, तुळशीराम सरांच्या पोराकडून लिहून घेतलेला. "वाच माय," ते म्हणत असावेत. प्रणाली वाचत होती! बोट ओळीवरून सरकत होतं, तोंड चालत होतं. आपलंच चुकलं की काय? येतं हिला?

ती जवळ गेली. प्रणाली म्हणत होती, "पांदणीत... काटे टाकले हायेत... गाडी जात नाही... संत्रा सडून राहिला..." सगळं बरोबर! घरात रोज ऐकलेलं. बोट मात्र कागदाच्या खालच्या कोपऱ्यात, जिथं नुसती तारीख होती. आणि डोळे कागदावर नव्हतेच. ती आबाजींच्या तोंडाकडे बघत होती. त्यांची भुवई जराशी हलली की तिचा शब्द अडखळायचा, त्यांनी मान हलवली की पुढे पळायचा.

भैय्याजींनी हळूच कागदाची घडी केली. "शाबास," ते म्हणाले. प्रणाली खूश होऊन पाण्याच्या टाकीकडे पळाली.

"छाया," ते पुटपुटले, "ते माह्या तोंडाकडं पाहून वाचून राहिली व."

छाया बाकावर टेकली, लगेच उठली.

बाजूला एक म्हातारी हँडपंपाचा अर्ज घेऊन बसली होती. "कोणाची तपासणी हाय म्हणे? हिची?" तिनं प्रणालीकडे बोट दाखवलं. "चांगली तं दिसते. नाकी-डोळी नीट हाय."

"नाक-डोळे नाही तपासाचे मावशी," भैय्याजी म्हणाले. सकाळपासून पहिल्यांदा ते छायाच्या बाजूनं बोलले, आणि स्वतःच दचकले.

एवढ्यात आतून शिपाई आला. "मॅडमले मीटिंगले जा लागते. आता थोडेच टोकन होतीन. बाकीचे पुढच्या मंगळवारी."

एकच गलका. छायानं आपलं टोकन बघितलं. पुढचा मंगळवार! शुक्रवार त्याच्या आत येऊन निघूनही जाणार होता. ती दारापाशी गेली, परत आली, शिपायाला म्हणाली, भाऊ, शुक्रवारचं काम हाय, एक मिनिट लागन. शिपाई म्हणाला, सगळ्यायचं एकच मिनिट राह्यते ताई. ती परत दारापाशी.

मागून कोणीतरी तिच्या हातात टोकन कोंबलं. भैय्याजी. त्यांचं.

"मामाजी, पांदण?"

"पांदण कुठी पळून चालली? माह्या बापाच्या जमान्यापासून तिथंच हाय." आणि मग हळूच, "जाय. तो शब्द मात्र लिहून नको घेऊ."

थोड्याच वेळात शिपायानं तोच नंबर पुकारला. खोलीत लांब टेबल, टेबलामागे अधिकारी मॅडम, बाजूला शिक्षण विभागाचे एक बाबू. मॅडम तरुण होत्या, तिकडे सतना-रीवाकडच्या, हिंदी मुलखातल्या असाव्यात. छायानं कागद पुढे ठेवला. प्रणालीनं आईचा पदर मुठीत धरला. भैय्याजी दाराशी.

"मराठी में है," बाबू डोकावून म्हणाले. "हिंदी में बनवाकर लाइए ताई।"

पण मॅडमनं हात वर केला होता, त्यांनी वाचायला सुरुवातही केली होती. हळूहळू, बोट ठेवून. "माझी... मुलगी... प्रणाली... चौथीत..." एका शब्दावर त्या अडल्या. "ये अक्षर कौन सा है?"

"ळ," बाबू म्हणाले. "शाळा. स्कूल।"

"अच्छा. शाळा बदलली..." आणि त्या शेवटपर्यंत गेल्या. तिची आई, छाया. वर बघितलं. "आलसी नहीं है, यही लिखा है ना?"

"हाँ मॅडम."

बाबूंनी शाळेला फोन लावला होता. तुळशीराम सरांचा आवाज टेबलावर उमटला. "मैडम, बच्ची हिंदी मीडियम से आई है। मराठी बैठने में टाइम लगता है। भाषा की समस्या है।"

मॅडम छायाकडे बघायला लागल्या. खोलीतले सगळेच बघायला लागले. छायाचे पाय पळा म्हणत होते. आणि मग तिला समोरचा कागद दिसला, त्यावर मॅडमचं बोट अजून तसंच ठेवलेलं.

"मॅडम, आपको मराठी आती है?"

"नहीं. अभी तो आई हूँ यहाँ."

"फिर भी आपने पढ़ लिया." छायाचा आवाज चढला, पण तिनं तो आवरला नाही. "एक ळ पर अटके, बस. क्योंकि अक्षर तो वही है ना मॅडम? मेरी बेटी को दोनों भाषा आती है. मराठी आपसे अच्छी बोलती है, हिंदी मेरे से अच्छी बोलती है. भाषा बैठ गई है उसकी, कब की बैठ गई. फिर भी नहीं पढ़ पाती. हिंदी वालों ने बोला मराठी के कारण, मराठी वालों ने बोला हिंदी के कारण. तो मैं इसको कौन सी तीसरी शाळा में डालूँ?"

मॅडमनं पुन्हा कागदाकडे बघितलं.

"दोनों स्कूल में वही अक्षर है," पदराआडून प्रणाली म्हणाली. "मैंने आई को बताया था. पहले ही दिन."

छायाला वाटलं, आपल्याला कोणीतरी ओसरीवर नेऊन उभं केलं. पोरीचं एवढंसं तोंड, आणि सगळं घर हसतंय.

मॅडम फोनकडे वाकल्या. "सर, सुना आपने?"

तिकडून सरांनी घसा साफ केला. मग, "हाँ मैडम. नाम भेज देता हूँ. आज ही." आणि एकदम मराठीत, "छायाताई, हाये काय तिथं? अक्षर एकच हाय, हे माह्या डोक्यातच नाही आलं व."

बाबूंनी नाव लिहून घेतलं. आधार आणा, दोन फोटो आणा, मुलीला पोटभर खाऊ घालून आणा. मॅडमनं अर्जावर सही केली आणि उठता उठता प्रणालीला विचारलं, "वो वाला अक्षर फिर से बोलो?"

"ळ!" प्रणाली अशी ओरडली की दारातला शिपाई दचकला.

बाहेर आल्यावर छायाला वाटलं होतं की आता पाय थांबतील. कुठलं काय! बसस्टँडवर ती पुन्हा फिरायला लागली. शुक्रवारी काय म्हणतील? तोच शब्द म्हणाले तर? काहीच नाही म्हणाले तर? भैय्याजींनी केळी घेतली, एक तिच्या हातात दिलं, ते ती हातात धरूनच फिरत राहिली.

"आई," प्रणालीनं विचारलं, "तिथं वाचा लागन काय?"

छाया तिच्यापुढे उकिडवी बसली. "देतीन वाचाले. पण नाही आलं तं चालते. नाही येत म्हणूनच तं चाललो आपण."

"नाही आलं तं चालते?"

"चालते."

"नाही येत म्हणून सांगतलं, तरी चालते?"

"अगं हाव."

प्रणालीनं आबाजींकडे बघितलं. त्यांच्या भुवईकडे, नेहमीसारखं. भैय्याजींनी मुद्दाम डोळे मिटून घेतले आणि केळ खात राहिले.

तेवढ्यात स्टँडात एक बस शिरली. जोरात हॉर्न. प्रणाली सवयीनं उठली, तोंड उघडलं, आणि थांबली. पाटीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"हॉर्न तं सौसरच्या गाडीचाच हाय," ती हळूच म्हणाली. मग आईचं बोट धरलं. "पण ते वरतं काय लिहून हाय, मले नाही येत वाचता. सांग ना."

कंडक्टर ओरडत होता, लोक चढत होते, भैय्याजी पिशवी घेऊन पुढे पळत होते. छायानं केळ पिशवीत टाकलं. प्रणालीचं बोट धरून हवेतच वर केलं, पाटीच्या पहिल्या अक्षरावर आणून ठेवलं, आणि दिवसभरात पहिल्यांदाच एका जागी उभी राहिली.

"हा स," ती म्हणाली.